पी-चौदा

डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. डाव्या बाजूचं जग
आता कडेकडेने मिटत येणार.
त्याच आठवड्यात विद्याधरने गाडी विकली.
घेणारा तळोज्याचा, मिसरूड फुटलेला पोरगा,
त्याने टायरला लाथ मारून पाहिली.
‘दुसरा गिअर जरा हट्टी आहे,’ विद्याधर म्हणाला,
‘चुचकारून टाक.’
मग वर आला, हात धुतले,
आणि किल्ली काढून घेतलेली नुसती कडी
नेहमीच्या खिळ्याला अडकवली.

खारघर कुणी पायांसाठी आखलं नाही.
रस्ते असे रुंद की सिग्नलचा हिरवा माणूस
पळायला लागतो
आणि आम्ही अजून दुभाजकाशी.
एका सेक्टरला लागून दुसरा सेक्टर असतो
ही गाडीत बसलेल्यांची समजूत.
मे महिन्यात पायांना विचारा,
मध्ये एक अख्खं वाळवंट आहे,
पेव्हर ब्लॉकचं,
आणि डोंगराकडून येणारी झुळूक
तव्यावरून नुकती उचललेली.

सावल्या पाठ झाल्या आहेत आता.
सव्वानऊला बँकेची सावली फुटपाथभर,
दहाला निम्मी,
साडेदहाला वीतभर चिंधी,
भिंतीला खांदा घासत जावं लागतं.
मेट्रोच्या खांबाआड एकच माणूस मावतो.
‘तू ये.’
‘तू थांब, तुझ्या डोळ्यात थेंब घातलेत.’
‘उन्हाचा आणि थेंबांचा काय संबंध?’
दोघंही उन्हात उभं राहून भांडतो,
खांबाची सावली मोकळीच.

बसथांब्याला स्टीलचं बाकडं आहे.
त्यावर बसायचं ते नवख्याने.

कोपऱ्यावर ओव्याची ठमीबाई म्हात्रे
ताडगोळे सोलत असते.
पहिल्या दिवशी मान वर न करता म्हणाली,
‘गारी इकली? बरा केला.
काचंतशी तुमी कंदी दिसलाच नाय.’
अकरा वर्षं तिच्यासमोरून गेलो होतो,
एसी तीनवर.
तिला गाडीचा नंबर पाठ होता.
आम्हाला तिची टोपलीही आठवेना.

खाली स्टिल्टमध्ये आमची जागा मात्र आहे,
पी-चौदा. खरेदीखतात लिहिलेली.
इमारतीत सगळ्यात गार फरशी तीच,
दोन भिंतींचा कोन, टाकीचा ओलावा.
एप्रिलच्या अखेरीला पाहिलं तर
वॉचमन रामसजीवन तिथे डबा खात होता.
मग पार्सलवाला तौफिक, हेल्मेट उशाशी,
मग बारा नंबरची पोळ्यावाली सुनंदा,
जिची पुढची पोळी तीन वाजता असते.
मी माठ नेऊन ठेवला. बस्स, एवढंच केलं.

मेननसाहेबांची नोटीस आली, शिक्क्यासकट:
पार्किंगची जागा केवळ वाहनासाठी,
अन्य वापर आढळल्यास दंड.
विद्याधर दोन दिवस खुशीत होता.
मला समोर बसवून उत्तर सांगितलं:
‘महोदय, आमची वाहनं नोंदवून घ्यावीत.
एक, कोल्हापुरी, पुरुषाची, टाच झिजलेली.
दोन, बायकांची सँडल, पट्टा बदललेला.
दोन्हींचं पीयूसी लागत नाही.
स्टिकर पाठवावेत.’

स्टिकर आलेले नाहीत. दंडही नाही.

काल दुपारी भर बाराला चष्म्याच्या दुकानातून परतलो.
घाम डोळ्यात गेला की त्याला उरलेलंही दिसत नाही,
तेव्हा तो माझा दंड धरतो
आणि मी ‘पायरी’, ‘खड्डा’, ‘कुत्रा’ म्हणत चालते.
वर जायच्या आधी आम्ही पी-चौदात टेकलो.
तौफिकने पाय आखडून जागा केली.
मधोमध आमच्या गाडीच्या तेलाचा डाग आहे अजून,
ताटाएवढा, काळा.
सगळे त्याच्या कडेने बसतात, कुणी सांगितलेलं नाही.
विद्याधरने तळवा त्यावर टेकवला,
वास घेतला,
आणि डावा पाय फरशीवर
हळूच
आत दाबला.